टाकं कुनी घातलं?

मी सर्जरी कुठं शिकावी, याबद्दल मला दोन ठिकाणांहून सल्ला मिळाला. एक, सांगलीत विश्रामबागेला नुकत्याच उघडलेल्या इंटरनेटच्या दुकानातून. दुसरा, सातारा–सांगली एसटीच्या परतीच्या फेरीतून. पहिला इंग्रजीत होता, छापील होता आणि मी स्वतः जाऊन आणला होता. दुसरा मी मागितला नव्हता. माझे वडील त्या गाडीवर कंडक्टर होते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझं एमबीबीएस झालं होतं, इंटर्नशिप संपत आली होती आणि पुढं एमएसला जायचं होतं. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: हे शिक्षण म्हणजे तीन वर्षं एखाद्या हॉस्पिटलात राहणं. तिथंच जेवायचं, तिथंच झोप मिळाली तर झोपायचं, तिथंच बोलणी खायची, आणि या सगळ्यातून हात तयार झाला तर सर्जन व्हायचं. हॉस्पिटल चुकलं तर तीन वर्षं दुसऱ्याच्या ऑपरेशनमध्ये जखमेच्या कडा ओढून धरायच्या आणि शेवटी सर्टिफिकेट घेऊन घरी यायचं. असे सर्जन मी पाहिले होते. भिंतीवर पदवी काचेत, आणि पोट उघडायची वेळ आली की पेशंटला चिठ्ठी देऊन पुढच्या गावी पाठवायचं. मला तसं व्हायचं नव्हतं. माझी भीती एवढी एकच होती. बाकी मी घाबरणाऱ्यांतली नाही, असं तेव्हा माझं मत होतं.

आमचं घर कराडला लागून असलेल्या मलकापुरात. आजोबांनी छप्पन साली बुद्ध धम्म स्वीकारला तेव्हा घरातले देव गेले आणि त्यांच्या कोनाड्यात पुढं माझी प्रगतिपुस्तकं ठेवायला लागले. वडील, म्हणजे आबा, एसटीत. आई अंगणवाडीत मदतनीस. घराण्यात डॉक्टर सोडाच, कंपाउंडर झालेलाही कुणी नव्हता. बरोबरीच्या पोरांचे काका-मामा डॉक्टर होते. ती फोन करून विचारत, कुठला विभाग चांगला, कुठले सर शिकवतात. मला फोन करण्यासारखे एकच काका होते. ते सैन्यात होते, आणि कधीही फोन केला तरी ते फक्त तिथलं हवामान सांगत.

म्हणून मी इंटरनेटकडे वळले. कुणीतरी सांगितलं, परदेशात गेलेल्या एका डॉक्टरनं एक पान तयार केलं आहे, त्यावर ज्यानं त्यानं आपापल्या हॉस्पिटलाबद्दल मत लिहायचं. विश्रामबागेतल्या दुकानात तीन कॉम्प्युटर होते आणि चपला बाहेर काढाव्या लागत. पान उघडायला इतका वेळ लागे की मध्ये दुकानदार आपलं जेवण उरकून येई. पान वरून खाली एकेक ओळ करत उतरे. मी टेबलावर कोपरं टेकून, एखाद्या निकालाकडे बघावं तशी बघत बसले.

माझ्या मार्कांत सर्जरीच्या दोन जागा बसण्यासारख्या होत्या. एक सांगलीकडची, एक लांबच्या एका शहरातली. नावं सांगत नाही. दोन्हीकडची माणसं अजून आहेत, आणि त्यांच्या हातात सुऱ्या आहेत.

सांगलीकडच्या विभागाबद्दल सात जणांनी लिहिलं होतं. पहिल्यानं लिहिलं होतं, सर ओरडतात. दुसऱ्यानं, सर फार ओरडतात. तिसऱ्यानं सगळा मजकूर मोठ्या अक्षरांत लिहिला होता, म्हणजे तो स्वतःच ओरडत होता. चौथ्याची तक्रार अशी की सरांना कुणाचं नाव माहीत नसतं. पेशंटला ते 'हर्निया' म्हणतात आणि आम्हाला 'ए'. पुढं, पेशंट फार. अभ्यासाला वेळ नाही. मेसचं वरण पातळ. शेवटच्यानं एकच ओळ लिहिली होती: मुलींनी येऊ नये.

लांबच्या विभागाबद्दल चार मतं होती आणि चारही गोड. वातावरण घरच्यासारखं. सर प्रेमळ. पेशंटची गर्दी नाही, त्यामुळं वाचायला भरपूर वेळ. खोल्या हवेशीर. रविवारी मेसमध्ये श्रीखंड. खाली नाव कुणाचंच नव्हतं. कुणी 'एक हितचिंतक' होता, कुणी 'सुटलो एकदाचा'.

मी सगळं छापून घेतलं आणि संध्याकाळी जेवताना आई-आबांना मराठी करून वाचून दाखवलं. श्रीखंडाशी आई थांबली आणि म्हणाली, "लांबचंच बरं दिसतंय की." मलाही तसंच वाटत होतं. दुरून डोंगर साजरे ही म्हण मला येत होती, पण ती मी दुसऱ्यांसाठी राखून ठेवली होती.

आबांनी शेवटचा घास संपवला. "नावं न्हाई लिव्हली कुनी?"

"न्हाई. तितं नाव न्हाई लिव्हलं तरी चालतं."

मला वाटलं, आता ते हसतील. नाव नसलेल्या माणसाच्या बोलण्याला काय अर्थ, असं म्हणतील. ते म्हणाले, "ते बरं हाय. नाव लिव्हलं की लोक आदी आडनाव वाचत्यात, मत मागनं." आबांचा एसटीवर जीव होता त्याचं एक कारण हेही होतं. खाकी कपड्याला आडनाव नसतं, असं ते म्हणायचे. गाडीत त्यांना सगळे 'कंडक्टर' म्हणत आणि त्यांच्या हातून तिकीट, सुट्टे पैसे, प्रसंगी प्यायचं पाणीही घेत. गाडीतून उतरले की गावागणिक हिशेब वेगळा होता.

मग त्यांनी विचारलं, "ह्यातल्या कुनाचं पोट फाडलंय का तितं?"

"आवं आबा, ही डाक्टर मान्सं हायती. ती पोट फाडत्यात."

"म्हंजे आचारी. आचारी सांगतोय भट्टी लय तापती, हवा येत न्हाई. आनी जेवनाऱ्याला कोन इचारलंय?"

मी कागदाची घडी घातली. त्या दिवशी विषय तिथंच थांबला, असं मला वाटलं.

आबा थांबणारे नव्हते, हे मला कळायला हवं होतं. आमच्या भावकीत कुणाच्या मुलीला स्थळ आलं की चौकशी आबांकडे यायची. मुलगा सातारा ते सांगली रस्त्यावरच्या कुठल्याही गावचा असला तरी आठवड्याच्या आत बातमी येई: काम करतो का, पितो का, आईला उलटून बोलतो का. कुणालाही पत्ता न लागता हे ते तिकीट फाडता फाडता काढून घेत. एका मुलाबद्दल त्याच्याच चुलत्याकडून सगळं वदवून घेतलं होतं, आणि चुलत्याला वाटलं होतं की आपण उसाविषयी बोलतोय. आता त्यांनी हॉस्पिटल हेच स्थळ धरलं आणि चौकशीला लागले.

सांगलीहून परतणाऱ्या गाडीत हॉस्पिटलातली माणसं ओळखणं सोपं होतं. हातात एक्स-रेचं मोठं पाकीट, दुसरा हात पोटावर, आणि खड्डा यायच्या आधीच मिटलेले डोळे. आबा अशांना चाकावरची सीट द्यायचे नाहीत. पुढं बसवायचे, तिकिटाला पंच मारायचे आणि सहज विचारायचे, "टाकं कुनी घातलं?"

त्या एका प्रश्नावर माणसं आष्ट्यापासून पेठ नाक्यापर्यंत बोलत. त्या वेळचा तो रस्ता असा होता की तिथं जो टाका टिकला तो जन्मभर टिकला. लोक सदरा वर करून दाखवत. आबांनी त्या महिन्यात जितकी पोटं पाहिली तितकी मी सबंध इंटर्नशिपमध्ये पाहिली नव्हती.

अहवाल रोज जेवताना येई. "एक मानूस म्हनला, म्हातारा सर लय शिव्या देतो. म्हटलं, तुमाला? तर म्हनला, न्हाई, डाक्टरांस्नी. पट्टी नीट बांधली न्हाई म्हनून." दुसऱ्या दिवशी: "आपल्यातलाच एकजन हुता, उंब्रजकडचा. त्याला म्हटलं, आडनाव इचारलं का रं तितं? म्हनला, कशाचं आडनाव, सर नाव बी इचारत न्हाईत. आल्या आल्या म्हनत्यात, हर्निया कंचा?"

जे छापील कागदावर दोष म्हणून लिहिलं होतं ते आमच्या घरात गुण म्हणून मांडलं गेलं. आईनंही मान हलवली. तिचं मन श्रीखंडावरून थोडं सरकलं होतं.

मला राग येत होता. एक तर ही माझी निवड होती. दुसरं म्हणजे, मी शिकलेली होते आणि यात एक ढोबळ चूक मला दिसत होती. मी ती एके दिवशी दाखवली. "आवं आबा, जगली तीच तुमच्या गाडीत बसत्यात. मेलेल्यानं कवा परतीचं तिकीट काडलंय? तुमाला चांगलंच ऐकू येनार."

आबांनी हातातला तांब्या खाली ठेवला.  मी जिंकले होते, आणि जिंकल्यावर वाटतं तसं मला बरं वाटलं. पुढचे चार-पाच दिवस अहवाल आला नाही. आईनं विचारलं, "हास्पिटलचं काय झालं?" तर म्हणाले, "पोरगी म्हनती त्यात तथ्य हाय."

मग एका संध्याकाळी ते गणवेश न उतरवताच माझ्यासमोर येऊन बसले.

माणूस दवाखान्यात वारला की त्याला घरी नेतात दुसऱ्या गाडीनं, ते खरं. पण त्यानंतर कुणीतरी कागदांसाठी पुन्हा हॉस्पिटलात जातं, आणि ते एसटीनंच जातं. आबांच्या हे ध्यानात आलं होतं. पाच दिवस ते कपाळ मोकळं असलेल्या बायका शोधत होते. त्यांना कासेगावकडची एक म्हातारी भेटली. तिच्या नवऱ्याला बैलानं पोटात मारलं होतं, दोन दिवस घरी ठेवून मग नेला, ऑपरेशन झालं, आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. आबांनी तिला विचारलं, तिथले डॉक्टर कसे आहेत. असा प्रश्न त्या बाईला कसा विचारला असेल, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

"ती म्हनली, म्हातारा सर सवता भाईर आला. आमी भुईवर बसलोवतो तर त्यो बी भुईवर बसला. म्हनला, मावशी, माज्या हातनं न्हाई झालं. एवढंच म्हनली. पर म्हनली, लोकं चांगली हायती."

मला काहीतरी जाणवलं असेल, पण मी ते जाणवू दिलं नाही. मी म्हणाले, "म्हंजे ज्याचा पेशंट मेला त्याच्याकडं मी शिकायला जायचं?"

आबांनी गणवेशाचं वरचं बटण सोडलं.

"तुमाला काय कळतंय सर्जरीतलं?"

हे वाक्य मी बोलले. आजही मला त्याची लाज वाटते, आणि ती कमी होईल अशी आशा मी सोडून दिली आहे. आबांनी गळ्यातली चामड्याची पिशवी काढली, खुंटीला अडकवली आणि म्हणाले, "सर्जरीतलं न्हाई कळत. गाडी कुटं जाती त्येवढं कळतं."

निवडीच्या दिवशी मी एकटीच गेले. मोठा हॉल, पुढं टेबल, भिंतीवर जागांचा फळा. गुणक्रमानं नाव पुकारायचे, तुम्ही जाऊन जागा सांगायची, फळ्यावरची ती जागा पुसली जायची. सगळं मिळून अर्धं मिनिट, आणि त्यात पुढची तीन वर्षं. माझ्या पुढं बसलेल्या मुलाच्या हातात तेच छापील पान होतं. त्यानं त्यात हिरव्या पेनानं खुणा केल्या होत्या. तो मला म्हणाला, हवेशीर खोल्या फार महत्त्वाच्या असतात, त्याला सर्दीचा त्रास आहे.

माझा नंबर यायला वेळ होता. मी माझं पान काढलं आणि पुन्हा वाचलं. पाठ झालं होतं, तरी वाचलं. आणि तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की अकरा मतांमध्ये पेशंट हा शब्द तीनदाच आला होता. एकदा, सर त्यांना 'हर्निया' म्हणतात म्हणून. एकदा, पेशंट फार आहेत ही तक्रार. एकदा, पेशंट कमी आहेत हे कौतुक. बाकी सगळं वरण, खोल्या आणि कोण कुणावर ओरडलं. एकानंही लिहिलं नव्हतं की त्या टेबलावर झोपलेला माणूस बरा होऊन घरी जातो का, आणि नाही गेला तर बाहेर येऊन कोण सांगतं. पेशंट कमी, तर मी हात कशावर तयार करणार होते? श्रीखंडावर?

माझं नाव पुकारलं. दोन्ही जागा फळ्यावर होत्या. मी सांगलीकडची सांगितली.

टेबलामागच्या गृहस्थांनी चष्म्यावरून बघितलं. "सर्जरी? मॅडम, स्त्रीरोगाच्या दोन जागा शिल्लक आहेत."

"असू द्यात," मी म्हणाले.

घरी आल्यावर मी आबांना म्हणाले, ऐकावे जनाचे, करावे मनाचे, मी माझ्या मनानं ठरवलं. आबा म्हणाले, "झ्याक झालं." आई दुसरीकडं बघून हसली.

त्या पानाबद्दल मला एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्यातला शब्द न् शब्द खरा निघाला. सर ओरडत. फार ओरडत. मला 'ए' म्हणत, आणि फार खूश असले की 'ए पोरी'. वरण इतकं पातळ की ताटात ते कुठं संपतं आणि ताट कुठं सुरू होतं हे समजायचं नाही. वाचायला वेळ मिळाला नाही. पेशंट मात्र संपले नाहीत. चार महिन्यांत मी टाके घालायला लागले, आठव्या महिन्यात माझं पहिलं हर्नियाचं ऑपरेशन झालं. सर मागं उभे राहून सबंध वेळ शिव्या देत होते आणि शेवटी म्हणाले, "हं." ते 'हं' मी घरी जाऊन आईला दोनदा करून दाखवलं.

आबांची चौकशी थांबली नव्हती. स्थळ पसंत पडून लग्न लागलं तरी बाप चौकशी करतोच. "टाकं कुनी घातलं?" चालूच होतं. मी त्यांची मुलगी आहे हे ते कुणाला सांगत नसत. ते सांगितलं तर लोक खरं बोलणार नाहीत, आणि शिवाय मग नाव, गाव, आडनाव सगळंच आलं. मी सुट्टीला घरी गेले की जेवताना मला माझ्याबद्दलची मतं ऐकायला मिळत. "एक पोरगी हाय, लय वराडती." "टाकं बारीक घालती, मुंगी चालल्यावानी." "नखं तपासती. माजीच नखं काडाय लावली." हे चांगलं की वाईट, आबा सांगत नसत. जसं ऐकलं तसं पोचवत. मी मात्र चांगली मतं लक्षात ठेवून परत जात असे.

दुसऱ्या वर्षी, एका दुपारी, आष्ट्याकडचा एक म्हातारा शेतकरी गेला. आतडं फुटलेलं, आणायला उशीर झालेला. माझ्या वरच्या डॉक्टरनं आणि मी मिळून ऑपरेशन केलं होतं. चूक कुणाची नव्हती, हे नंतर सरांनीही तपासून सांगितलं. पण त्या दिवशी सर बाहेरगावी होते, वरचे डॉक्टर दुसऱ्या पेशंटला घेऊन थिएटरमध्ये गेले होते, आणि वॉर्डात मी होते. सांगायचं काम माझं होतं.

दाराच्या काचेतून मला त्याची बायको दिसत होती. भिंतीला टेकून बसलेली, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत बहुतेक त्याच्यासाठी आणलेली भाकरी. तिनं काचेकडं बघितलं. मी बाजूला झाले. मी पोट उघडायला घाबरत नव्हते, रक्ताला घाबरत नव्हते, सरांनाही घाबरत नव्हते. त्या बाईला घाबरले. मी वॉर्डातल्या मामांना, म्हणजे वयस्कर शिपायाला, म्हणाले, "जरा बाहेर सांगून या." आणि बेसिनपाशी जाऊन हात धुवायला लागले. हात स्वच्छ होते. बाहेरून आवाज आला तेव्हा मी नळ मोठा केला.

हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही झालंच नव्हतं. हॉस्पिटलात अशा गोष्टींची कुणी नोंद करत नाही.

तीन आठवड्यांनी मी रविवारी घरी गेले. आईनं भाकरी टाकली. आबा नेहमीसारखे समोर बसले, पण जेवले नाहीत.

"एक तकरार हाय," ते म्हणाले.

मी हसत विचारलं, "नखांची?"

"आष्ट्याची एक बाई आलीवती गाडीला. कागदासाटी गेलीवती." मी भाकरीचा तुकडा मोडला होता तो हातातच राहिला. "म्हनली, एक डाक्टरीन हुती, नखं तपासनारी. काचंतनं दिसत हुती. भाईर आली न्हाई. शिपायाला धाडलं. त्यो बिचारा सवताच रडाय लागला, आमीच त्याला पानी दिलं."

आई म्हणाली, "तिथं पोरी काय कमी हायत्या का? दुसरी कोन असंल."

आबा माझ्याकडं बघत होते. मी म्हणाले, "मीच."

त्यांनी मान हलवली. ते मला रागावले असते तर बरं झालं असतं. सरांनी मला शिव्यांची सवय लावली होती. पण आबांचा आवाज तिकीट विचारताना असतो तसाच होता. "ती म्हनली, आमी काय मारनार हुतो व्हय तिला? भाईर येऊन बसायचं हुतं नुसतं."

"तुमी काय म्हनला?"

"मी म्हटलं, बाई, ती माजी लेक हाय. चुकलं तिचं."

तोवर दोन वर्षांत त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. भर गाडीत, गणवेशात, पिशवी गळ्यात असताना, एका परक्या बाईसमोर सांगितलं, आणि तेही माझ्या पहिल्या हर्नियाच्या वेळी नाही, या वेळी. मी ताटावरून उठले आणि मागच्या दारात जाऊन रडले. आई उठत होती, तिला आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे."

सोमवारी सकाळी मी आबांच्याच गाडीनं निघाले. ते मला नेहमी इतरांसारखंच तिकीट फाडत. त्या दिवशी त्यांनी विचारलं, "सांगली?"

"आष्टा," मी म्हणाले.

त्यांनी आष्ट्याचं तिकीट दिलं. उतरताना दाराशी येऊन रस्ता सांगितला: उजवीकडं, मारुतीच्या देवळापासनं तिसरं घर, दारात शेवगा. हे त्यांनी आधीच विचारून ठेवलं होतं. मग डबल बेल दिली आणि गाडी गेली.

बाई दारातच शेंगा फोडत बसली होती. तिनं मला ओळखलं. काचेतून पाहिलेलं तोंड माणूस विसरत नाही, असं दिसतं. ती उठली नाही आणि बस म्हणाली नाही. मी शेणानं सारवलेल्या जमिनीवर तिच्यासमोर बसले. रस्ताभर मी काय काय बोलायचं ते जुळवलं होतं, आतडं कसं फुटतं, उशिरा आणलं की काय होतं, हे सगळं. त्यातलं काही आलं नाही. मी म्हणाले, "मावशी, आमच्या हातनं न्हाई झालं. आनी मी भाईर आले न्हाई."

ती शेंगा फोडत राहिली. मूठभर दाणे सुपात पडले तेव्हा म्हणाली, "कंडक्टरची लेक न्हवं तू?"

"व्हय."

नाव तिनं विचारलं नव्हतं. मीच सांगितलं, पूर्ण, आडनावासकट. जमिनीवर बसलेच होते तर काही मागं ठेवावं असं वाटलं नाही. ऐकून तिच्या चेहऱ्यावर काही हललं असेल तर मला दिसलं नाही. ती आत गेली, तांब्या घेऊन आली, माझ्यासमोर ठेवला. मी पाणी प्यायले.

"तुजा बा परवा माज्याशेजारी बसून आला," ती म्हणाली. "वाटंतला अक्खा गाव ओलांडला तरी उठला न्हाई. लोकं वराडत हुती, तिकीट द्या, तिकीट द्या." तिनं सूप पुन्हा पुढं ओढलं. "शिकलीस तेवढं बास झालं. आता जरा बापाच्या वळनावर जा."

मी होय म्हणाले, आणि तिच्या सुपातल्या शेंगा फोडायला लागले. सांगलीची पुढची गाडी यायला अजून दोन तास होते.